शेजारधर्म झाडांचाही असतो का?

कांद्याशेजारी घेवडा लावू नये. बडीशेपेजवळ कुठलीच भाजी धरत नाही. टोमॅटोला झेंडूची सोबत मानवते. असे तक्ते तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असतील. गच्चीवरच्या बागेच्या पुस्तकात किंवा नर्सरीतून मिळणाऱ्या कागदावर ते हमखास असतात. डावीकडे भाजीचं नाव, मधे ‘मित्र’, उजवीकडे ‘शत्रू’. वाचायला सोपं आणि भिंतीला लावायला छान! पण मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. कुठलाही तक्ता समोर आला की आपला पहिला प्रश्न असायला हवा : हे रीडिंग कोणी घेतलं आणि कसं घेतलं? (मित्राचं जर्नल उतरवताना आपण हा प्रश्न विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.)

हा प्रश्न फक्त हौशी बागेचा असता तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. कुंडीत चुकलं तर चिमूटभर बी वाया जातं, बस्स. पण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कोरडवाहू शेती आहे. तिथे वर्षातून एकदाच पाऊस येतो आणि एकदाच खरिपाची पेरणी होते. ज्वारीच्या किती तासांनंतर तुरीचा एक तास टाकायचा, कापसात उडीद घ्यायचा की मूग, हे तिफण धरायच्या आधी ठरवावं लागतं. शेजार चुकला तर वर्षाची मिळकत कमी होते, आणि पुन्हा करून बघायला थेट पुढच्या जूनची वाट बघावी लागते. म्हणून ‘कोण कोणाला त्रास देतो’ हे नीट समजून घ्यायला हवं.

विष की वाटणी?

बांधावर मोठं झाड असलं की त्याच्या सावटाखालचं पीक खुरटतं, हे गावातल्या कोणालाही विचारा. आता कारण विचारा. एक जण म्हणेल, ऊन मिळत नाही. दुसरा म्हणेल, झाडाच्या मुळ्या पाणी ओढून घेतात. तिसरा म्हणेल, त्या झाडाचा पालाच कडू, जमीन नासवतो. चौथा म्हणेल, झाडावर पाखरं बसतात आणि कणसं खातात. चौघंही बरोबर असू शकतात, आणि नेमकी इथेच अडचण आहे. परिणाम एकच दिसतो, पण कारणं चार.

सोयीसाठी आपण त्यांचे तीन गट करू. पहिला गट वाटणीचा : ऊन, पाणी आणि अन्नद्रव्यं यांत दोन झाडं वाटेकरी होतात. दुसरा गट विषाचा : एक झाड असं काही रसायन सोडतं की दुसऱ्याची वाढ खुंटते. तिसरा गट पाहुण्यांचा : एका झाडामुळे कीड, रोग किंवा पाखरं येतात आणि भोगावं लागतं शेजाऱ्याला. पाहुणे चांगलेही असू शकतात, हेही लक्षात ठेवा.

तक्त्यातल्या ‘शत्रू’ या एका रकान्यात हे तिन्ही गट कोंबलेले असतात. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे. वाटणीचा त्रास असेल तर दोन ओळींतलं अंतर वाढवा, जास्त पाणी-खत द्या. विषाचा असेल तर अंतर थोडंसं वाढवून किंवा खत देऊन भागेलच असं नाही. पाहुण्यांचा असेल तर कदाचित पेरणीची तारीख बदलली तरी काम होईल. दुखणं कुठलं ते न कळता औषध दिलं तर काय होतं, ते सांगायला नको.

खरोखरचे विषारी शेजारी

झाडं एकमेकांवर रसायनांनी परिणाम करतात, याला ‘अ‍ॅलिलोपॅथी’ म्हणतात. हा शब्द व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये रूढ केला. हेच मोलिश त्याआधी कोलकात्याला जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत काही महिने काम करून गेले होते. त्यांच्या अभ्यासात पिकलेल्या सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू महत्त्वाचा होता. आंब्याच्या अढीत एक आंबा पिकला की बाकीचे भराभर पिकतात, ते याच वायूमुळे.

या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाचं. १९२५ मध्ये मॅसी या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या झाडाची मुळं जिथवर पोचतात तिथवर लावलेले टोमॅटो वाळतात. १९२८ मध्ये त्यामागचं द्रव्य म्हणून ‘जुग्लोन’कडे बोट दाखवलं गेलं. झाडाच्या अंगात ते निरुपद्रवी रूपात असतं, हवेशी संबंध आला की विषारी होतं. एवढं गाजलेलं उदाहरण, पण प्रत्यक्ष बागेत जुग्लोनचा वाटा किती आणि झाडाच्या तहानेचा किती, हा प्रश्न अलीकडच्या अभ्यासकांनी पुन्हा उपस्थित केला आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. आपली ज्वारीच घ्या. तिच्या मुळांवर जे बारीक केस असतात त्यांतून पिवळसर तेलकट थेंब पाझरतात. त्यातलं ‘सॉर्गोलिओन’ नावाचं द्रव्य १९८६ मध्ये वेगळं करून ओळखलं गेलं. बारीक बियांच्या तणांची कोवळी रोपं त्याने खुरटतात. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात ज्वारीच्या ताटांचा पाण्यात काढलेला अर्क तणांवर फवारून पाहिला गेला, त्याला त्यांनी ‘सोरगाब’ असं नाव दिलं.

ज्वारीनंतरचं पीक कधीकधी पिवळं पडतं, त्याचा दोष मात्र सगळा या विषाला देऊ नका. ज्वारीची धसकटं कुजताना जिवाणूंना नत्र लागतं. धसकटात ते कमी असतं, म्हणून ते जमिनीतून उचलतात आणि नव्या रोपाला काही काळ उपाशी ठेवतात. म्हणजे पुन्हा वाटणीच, फक्त वाटेकरी जिवाणू.

लसूणघासाची गंमत आणखी वेगळी. तो स्वतःच्याच रोपांना वाढू देत नाही. जुन्या लसूणघासात विरळ जागी नवं बी टाकलं तर ते नीट धरत नाही, म्हणून मधे दुसरं पीक घेण्याचा सल्ला देतात. आणि आपल्या कॅम्पसभर माजलेलं गाजरगवत? भारतातली त्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली ती पुण्याहूनच. त्याच्यातलं ‘पार्थेनिन’ हे द्रव्य इतर बियांची उगवण रोखतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

आता एक गोष्ट पाहा. या यादीत अक्रोड, ज्वारी, लसूणघास आणि गाजरगवत आहे. रोजच्या मंडईतली भाजी एकही नाही. काकडीसारख्या थोड्या भाज्यांवर असे अभ्यास झाले आहेत, पण तक्त्यातल्या ‘शत्रूं’ची संख्या पाहिली तर पुरावा फारच थोड्यांचा आहे.

मग तक्ते आले कुठून?

ही गोष्ट रंजक आहे. १९२४ मध्ये रुडॉल्फ स्टायनर यांनी शेतीवर काही व्याख्यानं दिली, त्यातून ‘बायोडायनॅमिक’ शेतीची चळवळ सुरू झाली. त्यांचे शिष्य एरेनफ्रिड फायफर यांनी एक पद्धत काढली. वनस्पतीचा रस कॉपर क्लोराइडच्या द्रावणात मिसळायचा, ते वाळू द्यायचं आणि स्फटिकांची नक्षी पाहायची. दोन वनस्पतींचे रस एकत्र केल्यावर नक्षी सुंदर आली तर जोडी चांगली, बिघडली तर वाईट!

या चळवळीत पुढे रिचर्ड ग्रेग हे अमेरिकन गृहस्थ आले. हे तेच ग्रेग, जे १९२५ मध्ये भारतात येऊन गांधीजींच्या सहवासात राहिले. १९२८ मध्ये त्यांनी खादीच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहून चरख्याचा ऊर्जेच्या अंगाने विचार केला, आणि १९३४ मध्ये अहिंसेच्या सामर्थ्यावर पुस्तक लिहिलं. सोबतीच्या झाडांवर त्यांनी १९४० च्या दशकात पुस्तिका काढली आणि १९६६ मध्ये हेलन फिलब्रिक यांच्यासोबत पुस्तक लिहिलं. त्यानंतर १९७५ मध्ये लुईस रायट यांचं पुस्तक आलं, त्याचं नावच ‘गाजराला टोमॅटो आवडतो’ अशा अर्थाचं. तिथून पुढे यादीवरून यादी उतरवली गेली. जर्नलचं जसं होतं तसंच!

ग्रेग यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. जुन्या शेतकऱ्यांची निरीक्षणंही या याद्यांमध्ये मिसळलेली आहेत आणि त्यातली काही खरी ठरतील. पण तांब्याच्या क्षाराची नक्षी पाहून शेतातलं उत्पन्न सांगता येत नाही. आणि छापील यादीत कुठली ओळ निरीक्षणावरून आली, कुठली स्फटिकावरून, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

चार कुंड्यांचा प्रयोग

खरं-खोटं ठरवायचं कसं? सगळ्यांना आधी सुचतो तो बशीतला प्रयोग. संशयित झाडाचा पाला वाटायचा, रस काढायचा, बशीत ओल्या कागदावर मुळ्याचं बी ठेवून वर तो रस घालायचा. बी उगवलं नाही की घोषणा करायची : सापडला गुन्हेगार! पण थांबा. पाल्याच्या घट्ट रसात क्षार आणि साखर इतकी असते की बियाला पाणी शोषताच येत नाही. बारावीतला ऑस्मोसिस आठवा. मिठाचं पाणी घातलं तरी हेच होईल, म्हणून काय मीठ शेजारच्या वाफ्यात विष सोडतं? शिवाय शेतात कोणी पाला वाटून ओतत नाही. थेंबाथेंबाने जे सुटतं तेही माती धरून ठेवते, जिवाणू खातात. बशीतला प्रयोग संशय घ्यायला ठीक आहे, शिक्षा ठोठवायला नाही.

याहून चांगली युक्ती ऑस्ट्रेलियाचे डोनल्ड यांनी १९५८ मध्ये दोन गवतांवर वापरली. आपण ती कुंड्यांत करू शकतो. दोन रोपं चार प्रकारे लावायची :

१. जमिनीखाली पत्र्याचा पडदा आणि वरही पडदा. दोघांचा काहीच संबंध नाही.
२. खाली पडदा, वर मोकळं. फक्त पानं एकमेकांत जातात.
३. खाली मोकळं, वर पडदा. फक्त मुळं एकमेकांत जातात.
४. दोन्हीकडे मोकळं.

एक सूचना : पडद्याची स्वतःची सावली पडते, म्हणून चारही प्रकारांत रोपांना ऊन सारखंच मिळेल अशी मांडणी करा. दुसऱ्या प्रकारात रोप खुरटलं तर भांडण उन्हाचं. तिसऱ्यात खुरटलं तर मुळांचं. चौथ्यातलं नुकसान दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या बेरजेहून जास्त असेल तर दोन्ही कारणं एकमेकांना फूस देताहेत. डोनल्ड यांना असंच दिसलं. ज्याची मुळं जोरदार त्याला जास्त नत्र, जास्त नत्र म्हणून जास्त पानं, जास्त पानं म्हणून दुसऱ्यावर सावली, आणि सावलीतल्याची मुळं आणखी कमजोर. कंट्रोल सिस्टिम शिकणाऱ्यांनी पॉझिटिव्ह फीडबॅक ओळखला असेल.

आता तिसऱ्या प्रकारात मुळांचं भांडण पाण्या-खताचं की विषाचं? त्यासाठी आणखी दोन पायऱ्या. आधी भरपूर पाणी आणि खत द्या. रोप सुधारलं तर वाटणीचा त्रास होता. सुधारलं नाही तर मातीत अ‍ॅक्टिव्हेटेड कोळसा मिसळून पाहा, तो असली द्रव्यं शोषून धरतो. पण कोळशाने मातीतलं बाकीचंही बदलतं, म्हणून कोळसा घातलेली पण शेजारी नसलेली एक कुंडी हवीच. प्रत्येक प्रकाराच्या निदान पाच-सहा कुंड्या घ्या. एका कुंडीचं रीडिंग म्हणजे एका विटेवरून भट्टीची परीक्षा.

तोटा होतो, तरीही नफा होतो

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. शेजारी त्रास देतो हे सिद्ध झालं, म्हणून तो शेजार सोडायचा का? उत्तर आहे : लगेच नाही. आधी गणित करा.

सोपे आकडे धरू. समजा नुसती ज्वारी पेरली तर एकरी १० क्विंटल येते आणि नुसती तूर पेरली तर ५ क्विंटल. दोन्ही मिळून एका एकरात पेरली तर ज्वारी ८ आणि तूर ३.५ क्विंटल आली. तक्तेवाला म्हणेल, ज्वारी घटली, तूरही घटली, दोघं शत्रू! पण भागाकार करा. ज्वारीचे ८ भागिले १० म्हणजे ०.८. तुरीचे ३.५ भागिले ५ म्हणजे ०.७. बेरीज १.५. याचा अर्थ असा की, एवढंच धान्य दोन पिकं वेगवेगळी पेरून मिळवायचं तर दीड एकर जमीन लागली असती. दोघांचा थोडा थोडा तोटा झाला आणि शेतकऱ्याला मात्र अर्धा एकर फुकट मिळाला!

या आकड्याला ‘लँड इक्विव्हॅलंट रेशो’ म्हणतात. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत आंतरपिकांवर काम करणारे विली आणि त्यांचे सहकारी मीड यांनी १९८० मध्ये या कल्पनेची नीट मांडणी केली. बेरीज एकाहून जास्त तर शेजार फायद्याचा, एकाहून कमी तर तोट्याचा. एक पथ्य मात्र पाळायचं. तुलनेसाठीचं एकटं पीक चांगलं, योग्य दाटीने घेतलेलं हवं. ते मुद्दाम कमजोर ठेवलं तर गुणोत्तर फुगतं आणि आपण स्वतःलाच फसवतो.

ज्वारी-तुरीचं का जमतं? दोघींच्या गरजांच्या वेळा वेगळ्या. खरीप ज्वारी साधारण चार महिन्यांत निघून जाते. तूर सुरुवातीला हळू वाढते आणि ज्वारी निघाल्यावर मोकळ्या जागेत पसरते. तुरीचं सोटमूळ खोल जातं, ज्वारीची तंतुमुळं वरच्या थरात जास्त. एकाच खोलीत एक जण दिवसपाळीचा आणि एक रात्रपाळीचा असेल तर भांडणं कमी होतात, हे होस्टेलवाल्यांना पटेल. शिवाय तूर स्वतःचं बरंचसं नत्र हवेतून मिळवते, म्हणून जमिनीतल्या नत्रावर ज्वारीशी कमी भांडते. ती ज्वारीला त्याच हंगामात नत्र वाटते असं मात्र समजू नका. त्याचा खरा फायदा मुळं आणि पाला कुजल्यावर पुढच्या पिकाला होतो.

आणि पाऊस लवकर गेला तर? तूर मार खाईल, पण ज्वारी घरात आलेली असेल. मधे उघडीप पडून ज्वारी वाया गेली आणि परतीचा पाऊस झाला, तर तूर हात देईल. आपल्या जुन्या लोकांनी मिश्र पीक सोडलं नाही याचं हेही कारण आहे. आणि मघाशी विष पाझरणारी म्हणून जिची चर्चा केली ती हीच ज्वारी! म्हणजे ‘विषारी’ हा शिक्का बसला तरी चांगला शेजार होऊ शकतो.

पाहुण्यांची व्यवस्था

तिसऱ्या गटात, म्हणजे कीड-रोगांत, शेजाराचा परिणाम सगळ्यात स्पष्ट दिसतो. टोमॅटो आणि बटाटा जवळ नको हे तक्त्यातलं वाक्य खरं आहे, पण विषामुळे नाही. दोघांना उशिरा येणारा करपा फायटोप्थोरा या एकाच बुरशीसारख्या रोगकारकापासून होतो, आणि तो एकावरून दुसऱ्यावर जातो.

झेंडूचंही तसंच. त्याच्या मुळांतलं द्रव्य काही सूत्रकृमींना मारक आहे, हे १९५० च्या दशकात हॉलंडमध्ये दिसून आलं. पण त्यासाठी अख्ख्या वाफ्यात झेंडू दाट लावून तीन-चार महिने ठेवावा लागतो आणि मग भाजी घ्यावी लागते. कोपऱ्यात दोन रोपं लावून शोभा येते, सूत्रकृमी जात नाहीत. टोमॅटोत झेंडूचा दुसरा उपयोग आहे तो सापळ्याचा. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची शिफारस अशी : टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ, आणि लावणीच्या वेळी झेंडूचं रोप साधारण ४५ दिवसांचं, टोमॅटोचं २५ दिवसांचं. दोघांना फुलं एकाच सुमारास आली की फळ पोखरणारी अळी झेंडूकडे वळते. नुसतं ‘झेंडू मित्र’ लिहून ही तारीख सांगितली नाही तर त्या मैत्रीचा उपयोग शून्य. कोबीत मोहरी लावायची त्याच संस्थेची पद्धतही अशीच : २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक कोबीच्या १५ दिवस आधी, दुसरी २५ दिवसांनंतर.

केनियात तर याच विचारावर अख्खी पद्धत उभी राहिली. झेयाउर खान या भारतीय शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संस्थेच्या साथीने मक्याच्या ओळींत डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती आणि शेताभोवती हत्तीगवत लावायला सुरुवात केली. खोडकिड्याचे पतंग हत्तीगवतावर अंडी घालतात आणि तिथे अळ्या फारशा जगत नाहीत. डेस्मोडियमच्या मुळांतली द्रव्यं टारफुल्याचं बी उगवायला लावतात, पण त्याला मक्याच्या मुळाशी जोडू देत नाहीत. आपल्या ज्वारीत जो टारफुला येतो त्याच जातकुळीतला हा. म्हणजे इथे एका झाडाचं विष दुसऱ्याचं औषध झालं.

आणि रसायन नको, कीड नको, साधा काटा पुरे, याचं उदाहरण आपल्या रब्बीत आहेच. शाळूच्या कडेने करडईचे तास टाकतात. काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत आणि घरापुरतं तेलही निघतं!

तक्ता वाचताना

आता पुन्हा कोणी ‘अमक्याशेजारी तमकं लावू नये’ म्हणालं की चार प्रश्न विचारा. त्रास वाटणीचा, विषाचा की पाहुण्यांचा? प्रयोग बशीत झाला की मातीत? तुलनेला एकटं पीक होतं का? आणि किती अंतर, कुठली तारीख? या चारांची उत्तरं मिळाली तर तो सल्ला. नाही मिळाली तर ती ऐकीव गोष्ट, खरी असेल किंवा नसेल.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना एक सुचवावंसं वाटतं. पुढच्या जूनमध्ये घरच्यांना सगळं रान बदलायला सांगू नका. मधल्या सारख्या जमिनीत तीन लहान तुकडे आखा : एकात नुसतं पहिलं पीक, एकात नुसतं दुसरं, एकात दोन्ही. जमत असेल तर हे तिन्ही तुकडे दोन-तीन ठिकाणी आखा. काढणीला प्रत्येकाचं वजन वेगळं करा आणि तो भागाकार करा. खर्च नगण्य, आणि जो आकडा येईल तो तुमच्या मातीचा, तुमच्या पावसाचा असेल. दरवर्षी मांडत गेलात तर चार-पाच वर्षांत तुमच्या घरी असा एक तक्ता तयार होईल, ज्यातलं प्रत्येक रीडिंग कोणी घेतलं ते तुम्हाला ठाऊक असेल.